'मी आलो' म्हणणाऱ्या मुलीला दंड कशाला?



आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही, पण घरातलाच आहे. आपल्या कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातल्या बायका 'मी आलो', 'मी जातो', 'मी जेवलो' म्हणतात. पुण्याच्या बायका 'मी आले', 'मी जाते', 'मी जेवले' म्हणतात. आपल्या बोलण्याला बाहेरचे हसतात, हे जुनंच आहे. आता आपणही हसायला लागलोय, आणि नुसतं हसून थांबत नाही. आमच्या भागातल्या एका पाठशाळेत मुलींना वळण लागावं म्हणून असं ठरलंय की जी मुलगी 'मी आलो' म्हणेल तिने एक रुपया दंड भरायचा. ठरवणाऱ्या सगळ्या बायकाच. पैसे जीवदयेला जाणार, म्हणजे वर पुण्यही पदरात!

मला हे मान्य नाही. का नाही, ते आज नीट मांडते.

आधी ते 'पुरुषासारखं बोलणं' बघू. दंड लावणाऱ्यांचं म्हणणं असं की बाईने 'आलो' म्हणणं हे व्याकरणाला सोडून आहे. बरं, वर मी लिहिलं की 'आपणही हसायला लागलोय'. वाचताना कुणाला खटकलं का? पुण्यातल्या दहा बायका एकत्र निघाल्या तरी 'आम्ही जातो'च म्हणतात, 'आम्ही आलो'च म्हणतात. म्हणजे दहाजणी मिळून 'आलो' म्हणाल्या तर ते शुद्ध, आणि त्यातली एकटी 'आलो' म्हणाली तर अशुद्ध! प्रमाण मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनात स्त्री-पुरुष भेद नाही. आपल्या बोलीत तो एकवचनातही नाही, एवढाच फरक. दुसऱ्या बाईबद्दल बोलताना आपण 'ती आली'च म्हणतो. 'ती आला' असं आपल्याकडे लहान मूलसुद्धा म्हणत नाही. म्हणजे आपल्याला बाई-पुरुष कळत नाही असं नाही. 'मी' म्हणताना तो भेद दाखवायची गरज आपल्या बोलीला वाटत नाही.

आणि यात आपण एकट्या नाही. आपल्या कित्येक घरांत आजही कन्नड बोलतात. त्यात बाई असो की बाप्या, 'नानु बंदे'च म्हणतात. इंग्रजीत 'आय केम' दोघांचं एकच. आणि जिला सगळे देववाणी म्हणून हात जोडतात त्या संस्कृतात? 'अहं गच्छामि' सीतेनेही म्हणावं आणि रामानेही. शुद्धतेच्या नावाने दंडाची पेटी ठेवायची तर आधी संस्कृतच्या शिक्षकांपुढे ठेवायला हवी.

आता मुख्य गोष्ट. भाषा बदलते कशी? आपल्याला वाटतं कुणीतरी वरून ठरवतं आणि खाली सगळे पाळतात. तसं होत नाही. दुधाला विरजण लावतो ना, तसं होतं. पहिले दोन तास वरून काहीच दिसत नाही. मग भराभर घट्ट होत जातं. आणि शेवटी कडेचं थोडं पातळ राहिलेलं असतं, त्याला वेळ लागतो. भाषेच्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या भाषांमध्ये हेच पाहिलंय. सुरुवात हळू, मधे वेग, शेवट पुन्हा हळू. मधल्या काळात जुनं आणि नवं रूप शेजारी शेजारी नांदतं, आणि बऱ्याचदा एकाच माणसाच्या तोंडात नांदतं.

तुमच्याच घरात कान देऊन ऐका. आज्जी सगळीकडे 'आलो, गेलो'. आई घरात 'आलो', पण बँकेत आणि मुलांच्या शाळेत गेली की 'आले'. लेक कॉलेजात 'करते, जाते', पण जेवायला हाक मारली की आतून ओरडते, 'आलो आलो!' रोजच्या वापरातला, जिभेवर घट्ट बसलेला शब्द सर्वांत शेवटी हलतो. बदल असा माणसामाणसातून तर जातोच, पण शब्दाशब्दातूनही जातो. एका रात्रीत कुणी भाषा बदलत नाही.

यातली गंमत अशी की बदल कुठल्या दिशेला जाणार हे व्याकरणाची पुस्तकं ठरवत नाहीत. कुणासारखं दिसावं असं आपल्याला वाटतं, त्यावर ते ठरतं. विल्यम लबॉव नावाच्या अभ्यासकाने 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत एक प्रयोग केला. एक महागडं सॅक्स, एक मधल्या दरातलं मेसीज, एक स्वस्तातलं एस. क्लाइन. तो गिऱ्हाईक बनून जायचा आणि ज्याचं उत्तर 'चौथ्या मजल्यावर' असंच येईल असं काहीतरी विचारायचा. इंग्रजीत 'फोर्थ फ्लोअर' म्हणताना 'र' स्पष्ट उच्चारतात की गिळतात, एवढंच त्याला ऐकायचं होतं. त्या शहरात तेव्हा 'र' उच्चारणं प्रतिष्ठेचं होऊ लागलं होतं. 264 जणांना त्याने विचारलं. महागड्या दुकानात 62 टक्के लोकांच्या बोलण्यात 'र' आला, मधल्यात 51 टक्के, स्वस्तातल्यात जेमतेम 20 टक्क्यांच्या आसपास. 'काय म्हणालात?' असं पुन्हा विचारल्यावर लोक जपून बोलायचे आणि 'र' वाढायचा.

लक्षात घ्या, हे काउंटरमागे उभे राहणारे लोक होते. महागड्या दुकानातला नोकर काही श्रीमंत नव्हता. पण रोज ज्या गिऱ्हाइकांशी गाठ पडायची, त्यांची जीभ त्याच्या जिभेला लागली होती. लक्ष्मीपुरीतल्या भाजीवालीशी आपण कसं बोलतो आणि मॉलमधल्या साडीच्या दुकानात कसं बोलतो, ते आठवा. तेच आहे हे. त्या 'र'मध्ये काही जास्तीचा गुण नव्हता. गुण होता तो पैशाचा आणि मानाचा. 'आले, जाते'चंही तसंच. 1831 मध्ये मोल्सवर्थचा कोश आला, 1836 मध्ये दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं. पुढे शाळा, वर्तमानपत्रं, आकाशवाणी, दूरदर्शन सगळीकडे पुण्याच्या शिकलेल्या लोकांच्या वळणाची मराठी 'प्रमाण' म्हणून गेली. ती जिथे पोचली तिथे नोकरी पोचली, मान पोचला. आपल्या आज्ज्यांची मराठी वाईट होती म्हणून मागे पडली नाही. तिच्यामागे खुर्ची नव्हती, म्हणून मागे पडली.

दुसरा आरोप ऐका. हा पहिल्याच्या बरोबर उलटा आहे. समाजातले काही वडीलधारे म्हणतात, 'या आजकालच्या पोरींनी आणि बाहेरून आलेल्या सुनांनी आपली बोली घालवली.' म्हणजे 'आलो' म्हटलं तर अडाणी आणि 'आले' म्हटलं तर घरबुडवी. दोन्हीकडून बाईच दोषी! एक खरं आहे की बदल पुढे नेण्यात बायका बहुतेक वेळा आघाडीवर असतात. हेलसिंकीच्या टेर्टू नेवालायनेन आणि हेलेना राउमोलिन-ब्रुनबेर्ग यांनी 15व्या ते 17व्या शतकातली सुमारे 6000 इंग्रजी पत्रं तपासली. क्रियापदाच्या शेवटचा जुना 'थ' जाऊन 'स' आला, 'यी' जाऊन 'यू' आलं. असे बहुतेक बदल बायकांनी आधी उचलले आणि पुरुष मागून आले. त्यातही 'हॅथ', 'डथ' असे सतत लागणारे शब्द शेवटपर्यंत जुनेच राहिले, आपल्या पोरींच्या 'आलो आलो'सारखे. त्या बायकांना ना विद्यापीठ खुलं होतं ना कचेरी. तरी आजची इंग्रजी त्यांच्याच वाटेने गेली. आज जगभर जी इंग्रजी शिकायला आपण मुलांच्या फिया भरतो, तीत त्या बायकांचा वाटा मोठा आहे.

आणि इंग्लंडला कशाला जायचं? जुन्या संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो. राणी, सखी, दासी प्राकृत बोलतात. शकुंतलासुद्धा प्राकृतच बोलते. बायकांची आणि सामान्यांची म्हणून जी भाषा वेगळी काढली होती, त्याच प्राकृताच्या कुळात आपली मराठी जन्मली. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा त्याच दिवशी प्राकृतालाही दिला. आपण सगळ्यांनी पेढे वाटले. बायकांच्या बोलण्याला 'बिघडलेलं' म्हणणाऱ्यांनी तो पेढा कुठल्या तोंडाने खाल्ला, हे मला विचारायचंय.

आता आपल्या अगदी शेजारचं उदाहरण. सांगलीजवळचं कुपवाड आज महानगरपालिकेत आहे, पण 1960 च्या दशकात ते साधारण 3000 वस्तीचं गाव होतं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या भाषांवर 1971 मध्ये जो लेख लिहिला तो जगभरच्या विद्यापीठांत आजही शिकवला जातो. त्या गावात जमीनदार जैन घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू आणि सगळ्यांना मिळून व्यवहाराला मराठी. शेतात, बाजारात, देण्याघेण्यात माणसं दिवसभर एका भाषेतून दुसरीत जायची. असं कित्येक पिढ्या चाललं. शेवटी शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्याची ठेवण एकमेकांसारखी झाली, इतकी की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. एरवी कन्नडमध्ये 'हे आमचं घर' एवढंच म्हणतात, शेवटी 'आहे' लागत नाही. कुपवाडच्या कन्नडमध्ये मराठीसारखं 'आहे' लागायला लागलं. कुठल्या पंचायतीने ठराव केला होता? कुणी रुपया दंड घेतला होता? कुणीच नाही. माणसं एकमेकांजवळ राहिली, एकमेकांची गरज होती, आणि भाषा जवळ आल्या. तरी प्रत्येकाने घरात आपली भाषा ठेवलीच. आपल्या समाजाची माणसं या गोष्टीत आहेत, आणि आपल्या किती जणींना हे माहीत आहे?

पुढचंही सांगायला हवं. साधारण चाळीस वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला, तोवर चित्र बदललं होतं. भाषावार राज्य झालं, शाळा मराठी झाल्या आणि मराठीचं पारडं जड झालं. दोन्ही बदलच, पण दोन्हींत मोठा फरक आहे. पहिल्यात माणसं बरोबरीने देत-घेत होती. दुसऱ्यात एकीकडे खुर्ची आणि पदवी, दुसरीकडे आज्जी. आपली 'मी आलो' आज या दुसऱ्या जागी उभी आहे.

काही मैत्रिणी म्हणतील, 'भाषा आपोआपच बदलते ना? मग भांडतेस कशाला? वाहत्या पाण्याला कोण अडवणार?' माझं म्हणणं असं की हे पाणी नाही, ही माणसं आहेत. लबॉवचाच दुसरा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरचा, 1963 मध्ये छापलेला. उन्हाळ्यात तिथे शहरी पाहुण्यांची गर्दी व्हायची, जागा-जमिनी त्यांच्या हातात जात होत्या. रीतीप्रमाणे बेटावरच्या लोकांनी पाहुण्यांसारखं बोलायला लागायला हवं होतं. पण ज्या बेटवाल्यांनी इथेच राहायचं, इथलंच व्हायचं असं मनाशी ठरवलं होतं, त्यांचे काही स्वर उलट जास्तच बेटाच्या वळणाचे झाले. ज्यांना बेट सोडून जायचं होतं त्यांचे झाले नाहीत. कुणी मोहीम काढली नव्हती. आपल्या ठिकाणाची लाज नसली की जीभ आपोआप तिथे टिकते, एवढंच.

म्हणून मी म्हणते की बदल येऊ दे, पण तो लाजेने येऊ नये. गरजेने आलेला बदल माणसाला वाढवतो. मुलगी पुण्यात नोकरीला गेली, तिथे 'मी करते' म्हणायला लागली, काही बिघडत नाही. हवीच तिला प्रमाण मराठी. मुलाखतीला लागते, अर्जाला लागते. मी स्वतः लिहिताना 'लिहिते' आणि घरात 'लिहितो'. दोन साड्या असल्या म्हणून कुणी एक जाळत नाही. पण 'लाजेने सोडलं' म्हणजे काय होतं, तेही सांगते. पुण्याहून नातीच्या मैत्रिणी आल्या की आज्जी आतल्या खोलीत जाऊन बसते. स्थळ बघायला पाहुणे येतात तेव्हा आई मुलीच्या कानात सांगते, 'कमी बोल, आलो-गेलो म्हणू नकोस', आणि शिकलेली पोर मुक्यासारखी बसते. स्वाध्यायात ज्या काकूंना ग्रंथ पाठ आहेत, त्या माईक हातात घेत नाहीत, आणि कमी जाणणारी पण 'शुद्ध' बोलणारी प्रवचन करून जाते. एका अक्षरापायी इतक्या बायका गप्प बसल्या, हा मला या सगळ्यातला खरा तोटा वाटतो. बोली उद्या बदलेलही. पण गप्प बसलेल्या बाईने जे सांगितलंच नाही, ते परत येणार नाही.

आणि हे सगळं आपण पाठशाळेत करायचं? जिथे पोरींना पाच समित्या शिकवतो, तिथे? ईर्या समितीत पायाखाली मुंगी मरू नये म्हणून बघून चालायचं, आणि भाषा समितीत हित, मित आणि प्रिय बोलायचं. आठ वर्षांच्या मुलीला तिच्या आज्जीचा शब्द तोंडातून आला म्हणून चारचौघांत रुपया काढायला लावणं, यातलं कोणतं? हित नाही, प्रिय तर नाहीच. त्या मुलीच्या मनात घट्ट बसणार ते इतकंच की माझी आज्जी चुकीचं बोलते.

समवसरणात भगवंतांची दिव्यध्वनी खिरते, ती अठरा महाभाषा आणि सातशे लघुभाषांतून प्रत्येकाला आपापल्या भाषेत कळते, असं आपण श्रद्धेने मानतो. पशुपक्ष्यांनाही कळते. तिथे दारात कुणी उभं राहून 'आधी शुद्ध बोल, मग आत ये' म्हणत नाही. महावीर स्वामींचा उपदेश लोकांच्या प्राकृतात झाला. कुंदकुंदाचार्यांनी ग्रंथ प्राकृतात लिहिले. ज्या धर्माने पंडितांच्या भाषेचा हट्ट धरला नाही, त्याच्या पाठशाळेत बोलीला दंड शोभत नाही.

श्रवणबेळगोळला 2018 च्या महामस्तकाभिषेकाला आपल्यापैकी बऱ्याच जणी गेला होतात. बाहुबली भगवंतांच्या पायाशी कोरलेली जुनी मराठी पाहिली असेल. त्यात 'करवियलें' असा शब्द आहे. आज तो कुणी म्हणत नाही, आपण 'करविले', 'करवलं' म्हणतो. कुणी तो शब्द चुकीचा ठरवून छिन्नीने काढला का? नाही. बोलणं पुढे गेलं, आणि जुना शब्द मानाने जागेवर राहिला. आपल्या आज्ज्यांच्या 'आलो'ला इतका मान तरी देऊ या.

दंडाची पेटी काढून टाकावी, हे मी त्या पाठशाळेला लेखी कळवलं आहे. पण पेटी गेली तरी घरातलं हसणं राहतंच. म्हणून येत्या चातुर्मासासाठी एक नियम सुचवते. आपण हिरव्या भाज्यांचा नियम घेतो, रात्रीच्या पाण्याचा घेतो. यंदा एक जास्तीचा घ्या. चार महिने घरात कुणाच्याही बोलण्याला हसायचं नाही आणि मधेच तोडून सुधारायचं नाही. सासू 'आलो' म्हणू दे, सून 'आले' म्हणू दे, नात दोन्ही म्हणू दे. लेकीला प्रमाण मराठी शिकवायची तर जरूर शिकवा, पण आज्जीचं खोडून नको. आणि स्वाध्यायात एकदा तरी माईक त्या काकूंच्या हातात द्या, ज्या आजवर मागे बसल्या.

चार महिन्यांनी घरात कोण कोण जास्त बोलायला लागलं, ते मला नक्की लिहून कळवा.

जय जिनेंद्र.